शॉर्ट शिफ्टर बसवल्यावर गिअरचा दांडा मधोमध का राहत नाही

शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअर टाकताना दांडा कमी हलवावा लागावा म्हणून बसवतात ते किट, बसवलं, गिअर झटपट पडायला लागले, पण न्यूट्रलमध्ये दांडा शेजारच्या सीटकडे झुकलेला दिसतो. किंवा पहिला, तिसरा, पाचवा छान पडतात आणि दुसरा-चौथा टाकताना नॉब कन्सोलला घासतो. अशा वेळी दोन उपाय हमखास सुचवले जातात: दांडा गरम करून वाकवायचा, नाहीतर दांडा हाताने मधोमध धरून केबल त्याच्या मापाने आवळायची. दोन्हींमुळे दांडा सरळ दिसू लागतो, आणि दोन्हींत गिअरबॉक्सचं नुकसान होण्याची शक्यता असते. दांडा वाकवला की मूळ चूक आहे तिथेच राहते. केबल अंदाजाने आवळली तर गिअर अर्धवट लागायला लागतात.

न्यूट्रल कुठे आहे हे गिअरबॉक्स ठरवतो, दांडा ठरवत नाही. आतल्या सिलेक्टर शाफ्टवर, म्हणजे गिअर निवडणाऱ्या सळईवर, खाचा असतात आणि स्प्रिंगच्या दाबाखालची एक गोळी त्यांत बसते. न्यूट्रलची खाच ठरलेली असते. बहुतेक गाड्यांत शाफ्टला आडव्या दिशेने मधे आणणारे स्प्रिंगही तिथेच असतात. हात काढला की दांडा आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येऊन उभा राहतो, तो यांच्यामुळे. दांडा हा आतली स्थिती दाखवणारा नुसता काटा आहे. काटा वाकडा दिसत असेल तर शाफ्ट आणि काटा यांच्यामधली जोडणी कुठेतरी हलली आहे, आणि ती जागा शोधणं एवढंच खरं काम आहे. म्हणून आधी गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये पक्का करायचा आणि मग दांडा त्याच्याशी जुळवायचा. हा क्रम उलटा कधीही करू नये.

किट बसवल्यावरच हे का होतं

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक गाड्यांत दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. पुढे-मागे हालचाल नेते ती शिफ्ट केबल, डावी-उजवी हालचाल नेते ती सिलेक्ट केबल. दांड्याला मधे एक खिळ असते, तिच्यावर दांडा झुलतो. खिळीच्या वरची लांबी भागिले खालची लांबी म्हणजे दांड्याचं प्रमाण. समजा वर २०० मिमी आणि खाली ५० मिमी, तर प्रमाण ४. केबल ३० मिमी सरकायला नॉब १२० मिमी हलवावा लागतो. किटने खालची बाजू ६५ मिमी केली की प्रमाण साधारण ३.१ वर येतं आणि तेवढ्याच कामाला नॉब ९२ मिमी हलतो. हात जवळपास पाव हिश्श्याने कमी फिरतो, पण जोर तीस टक्के जास्त लागतो. हा जास्तीचा जोर म्हणजे बिघाड समजून काही जण केबल बदलायला निघतात. तो बिघाड नाही, ते गणितच आहे.

दुसऱ्या प्रकारच्या किटमध्ये केबिनमधल्या दांड्याला हात लागत नाही. गिअरबॉक्सवरचा शिफ्ट आर्म, म्हणजे केबल ज्याला जोडते ती पट्टी, आखूड केली जाते. आर्म आखूड झाला की तेवढ्याच कोनासाठी केबल कमी सरकते.

न्यूट्रल बिघडतं ते इथे. तो आर्म न्यूट्रलमध्ये केबलशी अगदी काटकोनात असेल तर तो आखूड केल्याने केबलचं टोक पुढे-मागे सरकत नाही. पण थोडा कललेला असेल तर सरकतं. आर्म १५ अंश कललेला आहे आणि किटने तो १५ मिमीने आखूड केला, तर केबलचं टोक जवळजवळ ४ मिमी हलतं. प्रमाण ४ असलेल्या दांड्यावर ते नॉबपाशी १६ मिमी होऊन दिसतं. म्हणजे सगळं बरोबर बसवूनही, नंतर केबल जुळवली नाही तर दांडा वाकडा राहणारच. किटच्या कागदावर 'अ‍ॅडजस्टमेंट लागत नाही' असं लिहिलेलं असलं तरी न्यूट्रल तपासल्याशिवाय दांड्याचा बूट, म्हणजे त्याच्या बुडाभोवतीचं मऊ आवरण, बंद करू नका.

आधी मोजा, मग खोला

गाडी सपाटीवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला पुढून-मागून लाकडाचे ठोकळे. पुढचं सगळं काम न्यूट्रलमध्ये चालतं, म्हणून ठोकळे टाळू नका.

कन्सोलवर आडवी आणि उभी अशी मास्किंग टेप लावा, स्टीलची पट्टी घ्या आणि नॉबच्या मध्यबिंदूची जागा लिहून ठेवा. न्यूट्रलमध्ये एक माप, मग प्रत्येक गिअरमध्ये एक. क्लच दाबून गिअर टाका, हात काढा आणि मग मोजा. हात धरून घेतलेलं माप खोटं असतं, कारण सांध्यांतल्या सगळ्या बुशांचा (रबर-प्लास्टिकच्या कड्यांचा) ढिलेपणा त्यात मिसळतो. किट अजून डब्यात असेल तर ही मापं आत्ताच, मूळ दांड्यावर घ्या. नंतर तुलनेला याहून भरवशाचं काही मिळत नाही.

न्यूट्रलमध्ये नॉब डावी-उजवीकडे झुकलेला असेल तर संशय सिलेक्ट केबलवर. पुढे किंवा मागे झुकलेला असेल, एका बाजूचे गिअर लांब आणि दुसऱ्या बाजूचे जवळ पडत असतील, तर शिफ्ट केबलवर. दांडा झुकलेला आहे, पण १-२ ची रेषा आणि ५ ची रेषा मधल्या रेषेपासून सारख्याच अंतरावर आहेत आणि सगळे गिअर पूर्ण लागतात, तर बहुधा जोडणी ठीक आहे आणि दांड्याचा आकारच तसा आहे. याबद्दल पुढे लिहिलं आहे.

थोडा फरक सोडून द्यायला शिका. आर्म १५ अंश कललेला असेल आणि दोन्हीकडे २० अंश फिरत असेल, तर केबल दोन बाजूंना सारखी सरकतच नाही. फरक नऊ टक्क्यांच्या आसपास येतो. पुढे ४३ मिमी आणि मागे ४७ मिमी असं माप आलं तर तो भूमितीचा भाग आहे. तो घालवायला गेलात तर न्यूट्रल बिघडेल. १० मिमीच्या वरचा फरक मात्र शोधण्यासारखा.

बिघाडाचे दोन तुकडे करा

निदानाचा सगळ्यात कामाचा टप्पा हा, आणि बहुतेक जण हाच वगळतात. बॉनेट उघडा, ज्या केबलवर संशय आहे तिचं टोक गिअरबॉक्सवरच्या आर्मपासून सोडवा. केबलच्या टोकाचं सॉकेट आर्मवरच्या गोळीवर दाबून बसवलेलं असेल तर दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर समोरासमोर घालून सरळ वर उचला. एका बाजूने पिळून काढलं की प्लास्टिकच्या सॉकेटला बारीक चीर जाते, ती दिसत नाही, आणि काही दिवसांनी सिग्नलला उभं असताना केबल निखळते. सर्कलिप (टोक अडकवून ठेवणारी तारेची कडी) असेल तर पक्कडीने सांभाळून काढा. इंजिनखाली पडली तर सापडत नाही.

आता आर्म हाताने हलवा. सिलेक्टचा आर्म दाबून सोडला की स्वतःहून मधे यायला हवा. शिफ्टचा आर्म पुढे, मधे, मागे अशा तीन जागी टक्कन बसायला हवा. तसं होत असेल तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. आर्म मधे परत येत नसेल तर आतला स्प्रिंग किंवा शाफ्टच्या टोपणाखालची गंजलेली सरकणारी जागा हे कारण असू शकतं. मग किटला दोष देऊन उपयोग नाही.

नंतर केबिनमध्ये जा. सुटलेल्या केबलच्या दिशेने दांडा अडखळल्याशिवाय हलायला हवा. घट्ट वाटला तर केबल कुठेतरी मुडपली आहे किंवा एक्झॉस्टजवळून जाताना तिचं आवरण वितळलं आहे. मोकळा हलतो पण एकाच बाजूला ओढला जातो, तर केबिनमधल्या शिफ्टरवरचा स्प्रिंग बघा. ज्या शिफ्टरवर पिळाचा स्प्रिंग असतो, त्याचे दोन पाय मधल्या पत्र्याच्या जिभेच्या दोन बाजूंना असायला हवेत. जोडताना दोन्ही पाय एकाच बाजूला गेले की दांडा कायम एकीकडे पडतो. हा दोष बूट उचलल्यावर टॉर्चच्या उजेडात लगेच दिसतो, पण त्यासाठी तिकडे बघावं लागतं.

आणि एक जागा: केबलच्या बाहेरच्या आवरणाची टोकं ब्रॅकेटच्या खाचेत बसतात आणि वरून पत्र्याची क्लिप लागते. आवरण खाचेत अर्धंच बसलं असेल तर ते दोन-तीन मिमी पुढे राहतं. नॉबपाशी तेच आठ ते बारा मिमी होतं. केबलची लांबी जुळवत बसण्याआधी दोन्ही टोकांच्या क्लिपा अंगठ्याने दाबून बघा. कितीतरी वेळा काम इथेच संपतं.

पोलोवर केबल कशी जुळवायची

एक खरं उदाहरण घेऊ. फोक्सवॅगन पोलो २०१० साली भारतात आली, चाकणला बनत होती आणि २०२२ मध्ये बंद झाली. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर ती अजूनही भरपूर दिसते आणि शॉर्ट शिफ्टरची हौस असलेल्यांची लाडकी आहे. तिच्या ५ गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला केबल जुळवायची सोय कारखान्यातूनच दिलेली आहे. त्याच घराण्यातल्या व्हेन्टो आणि रॅपिडची पद्धतही हीच.

इंजिनप्रमाणे एअर फिल्टरचा डबा किंवा बॅटरी आणि तिचा ट्रे काढावा लागतो. बॅटरी काढणार असाल तर निगेटिव्ह आधी, १० नंबरच्या पान्याने, आणि रेडिओचा कोड जवळ आहे ना ते पाहून. गिअर न्यूट्रलमध्ये. आता गिअरबॉक्सच्या वर दोन्ही केबलची टोकं दिसतील. प्रत्येकीवर स्प्रिंगची एक कॉलर असते. ती पुढे शेवटपर्यंत ओढून डावीकडे फिरवली की तिथेच अडकून राहते आणि केबलची लांबी मोकळी होते. दोन्ही कॉलर अशा मोकळ्या करा.

मग सिलेक्टर शाफ्ट हाताने खाली दाबा. दाबून धरलेला असतानाच त्याच्या टोपणाच्या बाजूला असलेला काटकोनी पिन फिरवा आणि आत ढकला. तो शाफ्टमध्ये शिरून अडकला की शाफ्ट १-२ च्या रेषेतल्या न्यूट्रलमध्ये कुलूपबंद झाला. हा पिन चिखलाने आणि गंजाने अनेकदा जाम असतो. गंज सोडवणारं तेल मारून दहा मिनिटं थांबा. पक्कडीने जोर करू नका. मोडला तर पुढचं सगळं अडतं. पिन आत जात नसेल तर शाफ्ट पूर्ण खाली गेलेला नाही किंवा गिअर न्यूट्रलमध्ये नाही.

आता केबिन. दांड्याचा बूट फ्रेमसकट वर उचला. दांडा न्यूट्रलमध्येच ठेवून डावीकडे, १-२ च्या रेषेत न्या. शिफ्टरच्या बैठकीत एक भोक आणि दांड्याच्या खालच्या भागात दुसरं भोक असतं. दोन्ही समोरासमोर आली की त्यातून लॉकिंग पिन सरळ जातो. कंपनीचं हत्यार नसेल तर ४.५ ते ५ मिमीच्या ड्रिल बिटची गुळगुळीत बाजू घाला. सैल बसली तर अर्ध्या मिमीने मोठी घ्या, कारण इथला सैलपणा चौपट होऊन नॉबवर दिसतो.

दोन्ही टोकं कुलूपबंद झाली. आता बॉनेटखाली जाऊन दोन्ही कॉलर उजवीकडे फिरवा. स्प्रिंग त्यांना परत मागे ढकलतो आणि केबल आहे त्या लांबीवर पक्की होते. या क्षणी केबल ओढू नका, ढकलू नका. तिला स्वतःची जागा घेऊ द्या. मग काटकोनी पिन मूळ जागी आणा, केबिनमधला पिन काढा. दांडा आपोआप ३-४ च्या रेषेत यायला हवा.

तपासणीची एक खूण लक्षात ठेवा. क्लच दाबून पहिला गिअर टाका, दांडा डावीकडे टोकापर्यंत दाबा आणि सोडा. त्या वेळी दुसऱ्या माणसाने गिअरबॉक्सवरचा सिलेक्टर शाफ्ट बघायचा. तो साधारण १ मिमी हलायला हवा. हलला नाही तर सिलेक्ट केबल बरोबर बसलेली नाही, पुन्हा पहिल्यापासून. हा एक मिलिमीटर पाहिल्याशिवाय फिल्टरचा डबा परत बसवू नका.

किट केबिनमधल्या दांड्याचं असेल आणि नव्या दांड्याला पिनचं भोकच नसेल, तर वेगळा मार्ग घ्यावा लागतो. जुना दांडा पिन घालून उभा करा. त्याच्या शिफ्ट आणि सिलेक्ट गोळ्यांचं बैठकीच्या कडेपासूनचं अंतर कॅलिपरने मोजा. नवा दांडा बसवल्यावर पाचर लावून तीच अंतरं आणा आणि मग कॉलर सोडा. नव्या दांड्यात शिफ्टची गोळी खाली सरकलेली असते, म्हणून उंची नाही, पुढे-मागचं अंतरच जुळवायचं.

ज्या गाड्यांत केबलच्या टोकाला आटे आणि लॉकनट असतो तिथे हिशोब सोपा आहे. एम६ आट्याला एक पूर्ण फेरा म्हणजे १ मिमी. प्रमाण ४ असेल तर एका फेऱ्याने नॉब ४ मिमी हलतो, अर्ध्या फेऱ्याने २. झुकाव मोजा, भागा, तेवढेच फेरे द्या. लॉकनट आवळताना टोक दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर सॉकेट तिरकं होऊन गोळीवर अडखळतं. अ‍ॅडजस्टमेंटची काहीच सोय नसलेल्या केबलवर लांब भोकांचं ब्रॅकेट हाच शहाणा उपाय. केबल वाकवून लांबी कमी करणं हा उपाय नाही.

चूक किटमध्येच असेल तर

परदेशात बनलेली बरीच किटं डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांसाठी असतात. त्यांचा दांडा ड्रायव्हरकडे, म्हणजे डावीकडे, किंचित वळवलेला असतो. आपल्या गाडीत ड्रायव्हर उजवीकडे, त्यामुळे तोच दांडा न्यूट्रलमध्ये शेजारच्या सीटकडे झुकतो. जोडणी शंभर टक्के बरोबर असली तरी. काही सरळ दांडे १८० अंश फिरवून बसवता येतात, काहींत गोळीच्या जागेमुळे येत नाहीत. विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न हाच.

गिअरबॉक्सवरच्या आर्मला स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवर बसणारे बारीक दाते, असतात. काही शाफ्टवर एक दात गाळलेला असतो, त्यामुळे आर्म एकाच स्थितीत बसतो. तसा दात नसेल तर एक दात इकडे-तिकडे बसवणं सहज घडतं आणि मग केबलची सगळी अ‍ॅडजस्टमेंट वापरूनही दांडा मधे येत नाही. जुना आर्म काढण्याआधी शाफ्टवर आणि आर्मवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. नवा बसवताना ती रेघ उपयोगी पडते. नट सेल्फ लॉकिंग असेल तर नवाच घ्या.

बऱ्याच गाड्यांच्या मूळ आर्मवर लोखंडाचं जाड वजन असतं आणि अनेक किटांमध्ये ते नसतं. ते वजन उगाच दिलेलं नाही. गिअर बसताना लागणारा धक्का ते गिळतं. ते गेल्यावर गिअर खडखडीत, टप्प्याटप्प्याने लागल्यासारखे वाटतात. दांडा वाकडा नसतानाही 'काहीतरी नीट बसलं नाही' असं वाटण्याचं हे मोठं कारण आहे. वजन ठेवणारं किट मिळत असेल तर माझं मत स्पष्टपणे त्याच्या बाजूने आहे, थोडं महाग पडलं तरी.

शिफ्टरच्या बैठकीखालचे रबरी बुश काढून धातूचे बसवण्याची पद्धत आहे. चार बुशांपैकी एक जरी अर्ध्या मिमीने उंच असला किंवा त्याच्याखाली कार्पेटची कड अडकली तरी बैठक तिरकी होते. चारही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी लावा, मग कर्णाच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. कंपनीने दिलेल्या टॉर्कच्या पुढे जाऊ नका. प्लास्टिकच्या बैठकीला तडा गेला तर पूर्ण शिफ्टर बदलावा लागतो.

खिळीची उंची बदलणाऱ्या किटमध्ये रिव्हर्सचं कुलूप आधी तपासा. पोलोत रिव्हर्ससाठी दांडा खाली दाबून डावीकडे न्यावा लागतो. खिळ वर गेली की दाबल्यावरही अडथळा पूर्ण ओलांडला जात नाही आणि दांडा डावीकडे पुरेसा जात नाही. उलट अडथळा फारच सैल झाला तर पहिला टाकताना रिव्हर्सकडे सरकण्याचा धोका. असं किट रस्त्यावर आणू नये.

रॉड असलेल्या आणि थेट दांड्याच्या गाड्या

मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत केबल नसून लोखंडी रॉड आहेत. एक रॉड गिअर हलवतो, दुसरा दांड्याची बैठक गिअरबॉक्सशी धरून ठेवतो. इथे दांडा वाकडा दिसण्याचं पहिलं कारण या दुसऱ्या रॉडचं झिजलेलं रबर, दुसरं इंजिन माउंटिंग. ओळख सोपी आहे: अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की दांडा पुढे-मागे डोलतो. माउंटिंग बदलल्याशिवाय शॉर्ट शिफ्टर बसवला तर आखूड हालचालीत तोच डोल मोठा वाटतो.

जिप्सी, बोलेरो यांच्यासारख्या गाड्यांत दांडा थेट गिअरबॉक्सच्या माथ्यावर उभा असतो. तिथे जुळवायला काही नाही, म्हणून झुकाव आला तर बैठकीची प्लास्टिकची वाटी, तिरका बसलेला स्पेसर, किंवा एका बाजूला जास्त साचलेलं सीलंट बघायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दांड्याचं खालचं टोक आतल्या खाचेत पूर्वीएवढंच खोल गेलं पाहिजे. १० मिमीच्या स्पेसरने दांडा १० मिमी वर उचलला आणि खालचं टोक तेवढं लांब केलेलं नसेल, तर टोक खाचेतून निसटून दोन खाचांच्या मधे अडकतं. गाडी गिअरमध्ये अडकून बसते. कागदावर ठसे उठवायची शाई किंवा थोडं ग्रीस टोकाला लावा, एकदा बसवून काढा आणि ठसा किती उंचीवर उठला ते बघा.

गिअर पूर्ण लागतो का, याची परीक्षा

दांडा सरळ दिसणं आणि गिअर पूर्ण लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी जास्त महत्त्वाची. इंजिन बंद ठेवून दुसरा गिअर टाका. गिअरबॉक्सवरच्या आर्मपाशी मार्करने रेघ मारा. मग शिफ्ट केबल सोडवा आणि आर्म हाताने त्याच दिशेने आणखी ढकला. तो रेघेच्या पुढे स्पष्टपणे गेला आणि तिथे टक्कन बसला, तर आधी गिअर अर्धाच लागलेला होता. हीच परीक्षा पहिल्या आणि तिसऱ्यावर करा. एका बाजूचे पूर्ण आणि दुसऱ्या बाजूचे अर्धे, तर शिफ्ट केबल चुकीच्या लांबीवर आहे. दोन्ही बाजूंचे अर्धे, तर दांडा कशाला तरी अडतो आहे: बूटची फ्रेम, कन्सोलची कड, वायरिंगचा गुच्छ. प्रत्येक गिअरमध्ये हात काढल्यावर दांडा आणि कन्सोल यांच्यात काही मिमी मोकळी जागा उरली पाहिजे.

अर्धवट लागलेल्या गिअरमध्ये स्लीव्हचे, म्हणजे सरकून गिअरला पकडणाऱ्या कड्याचे, दात टोकांवरच पकड घेतात. टोकं गोल होत जातात आणि एक दिवस उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गिअर उडतो. केबल कायम ताणलेली राहिली तर स्लीव्ह सरकवणाऱ्या फोर्कचे पॅड स्लीव्हवर सतत घासत राहतात. दोन्हींचा शेवट गिअरबॉक्स उतरवण्यात होतो. किटच्या किमतीपेक्षा तो खर्च किती तरी मोठा.

पुन्हा जोडताना धातूच्या खिळीला लिथियम ग्रीस, रबर आणि प्लास्टिकला सिलिकॉन ग्रीस. केबलच्या आत स्प्रे तेल मारू नका. आतलं ग्रीस धुऊन निघतं, धूळ चिकटते.

इंजिन चालू करून जागेवरच सगळे गिअर टाकून बघा, रिव्हर्ससकट. मग मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्यात कमी वेगाने अ‍ॅक्सिलरेटर दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दांडा न्यूट्रलकडे सरकतो का ते नजरेने बघा, पण त्यावर हात ठेवू नका. हाताच्या वजनाने गिअर धरून राहतो आणि दोष लपतो. वीस-पंचवीस मिनिटं चालवून गिअरबॉक्स गरम झाल्यावर न्यूट्रलचं माप परत घ्या आणि थंड असतानाच्या मापाशी ताडून बघा. ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर केबल कुठेतरी गरम भागाला टेकते आहे. साधारण ५०० किमीनंतर बैठकीचे बोल्ट, आर्मचा नट आणि दोन्ही केबलच्या क्लिपा एकदा तपासा. धातूचे बुश बसवले असतील तर हे टाळू नका, कारण त्यांना कंपन थेट पोहोचतं आणि सैल झालेला पहिला बोल्ट बहुधा बैठकीचाच असतो.